काजलचा गडवा

ठेव ती परात खाली, कुलदीप. हळू ठेव. तुह्या हातातून पडली तं आज तुही खैर नाई, आधीच सांगून ठेवतो.

बस इथी ओट्यावर. डिंपल, तू बी बस. लाईन गेली तं गेली, येईन घंट्याभरात. तो टॉर्च बंद कर बे, डोळ्यात खुपसून राह्यला. मोबाईल खिशात घाल. दुपारी याच मोबाईलवर अंगठा टेकवला अन् मोठ्या तोऱ्यात फोटो दाखवला मले. "मोठेबाबा, पाहा, अँटिक म्हनून टाकली परात. पाच जनायचे मेसेज बी आले." त्या परातीच्या काठावर नाव होतं. तानाबाई. माह्या मायचं, तुह्या आजीचं. फोटोत कुठी हाये ते नाव? तं म्हने, घासून टाकलं. पॉलिश पेपर आनला अन् दोन घंटे बसून घासलं. नाववाली परात कोनी घेत नाई म्हने.

दोन घंटे! वावरात कधी दोन घंटे टिकला नाई तू.

जेवताना मी चूप होतो ते तुह्या मायसाठी. तिनं भाकरी टाकल्या होत्या, म्हटलं सुखानं खाऊ द्यावं सगळ्यायले. पन आता ऐका. अन् गोष्ट म्हनून ऐकू नका. ज्याच्यासंगं झालं तो मानूस अजून जिता हाये. आपला हैदर, बाजाराच्या गल्लीतला कलईवाला. उद्या जाऊन इचारा. सांगनार नाई तो, पन त्याचं तोंड पाह्यलं तरी तुमाले समजंन.

मी तवा एसटीत कंडक्टर. सारे मले मास्तर म्हनत. चिखलीच्या रस्त्यावर एक गाव लागते, नाव सांगत नाई, त्या घरचे लोक अजून तिथीच हायेत. त्या गावची अन्नपूर्णाबाई दर दिवाळीच्या आधी माह्या गाडीत चढायची. मांडीवर गाठोडं, गाठोड्यात पितळेचे भांडे, हैदरकडं कलईले. बाई आंगठाछाप, पन घरातलं एकूनएक भांडं नावाचं. माहेरून आलेल्या पान्याच्या गुंडावर तिचं सोताचं नाव. पोरगा झाला तवा घंगाळ घेतलं, त्यावर शेखर. पोरगी झाली तवा परात, त्यावर अनुपमा. सासू मेली तवा कोपर घेतला, मोठं खोल ताट, त्यावर सासूचं नाव. नवरा गेला तवा तपेलं. घरात कोनी आलं की भांडं, कोनी गेलं की भांडं. लोकं वहीत लिवतात, त्या बाईनं भांड्यायवर लिवून घेतलं होतं. जुने नावं हैदरनं अन् त्याच्या अब्बानं छिन्नी-हातोडीनं टाकलेले, ठिपक्या-ठिपक्यायचे. नाव टाकायची मशीन मागून आली.

एकदा गाडीत गर्दी नव्हती. मी इचारलं, "बाई, तुमाले वाचता येत नाई, मंग कोनाचं भांडं कोनतं ते कसं समजते?" तिनं गाठोडं सोडलं. डोळे मिटले अन् नख ठिपक्यायवरून नेलं. टिक, टिक, टिक. म्हने, "मास्तर, हा माहा शेखर." दुसरं घेतलं. "हे माही सासू." मंग आतून एक लहानसा गडवा काढला, तांब्याच तो, मुठीत मावंन एवढा. त्यावरून नख लय हळू नेलं. "अन् हे माही काजल."

काजल तिची पहिली पोरगी. दीड वरसाची होऊन तापात गेली. घरातच जलमली अन् घरातच गेली. दाखला नाई, फोटो नाई, कोन्या कागदावर नाव नाई. ज्या गडव्यानं तिले पानी पाजत होते त्याच्यावर बाईनं नाव टाकून घेतलं, तेवढीच ती पोरगी या दुनियेत उरलेली. ते नाव हैदरनंच टाकलं होतं, तवा तो मिसरूड फुटलेला पोट्टा होता. बाई तो गडवा चाळीस वरीस राखेनं अन् चिंचेनं घासत होती. पन नावावर कधी राख लावली नाई. ठिपके झिजतीन म्हने.

मी रिटायर झालो. बावीस साली दिवाळी आटोपली अन् अन्नपूर्णाबाई गेली. तेरवीले मी गेलतो. अनुपमा देऊळगाव राजाहून आली होती, तिकडंच देल्ली तिले. वावराच्या हक्कसोडावर सही करून मोकळी झाली होती. सोनं इचारलं नाई, लुगडं इचारलं नाई. म्हने, "दादा, मले काईच नको. काजलचा गडवा तेवढा दे."

अन् शेखर काय म्हनला ठाऊक हाये?

"कोन काजल? कोनत्या कागदावर हाये ती?"

पंगत बसली होती बे. साऱ्या गावासमोर म्हनला. त्या पोरीच्या हातात वरनाची बादली होती, ती तिनं खाली ठेवली अन् आत निंघून गेली. माहा घास तोंडातच राह्यला. मी उठून त्याच्या कानाखाली काऊन नाई ठेवून देल्ली, याचा मले आज बी राग येते. माहा मलेच.

शेखरनं आधीच गिऱ्हाईक पाहून ठेवलं होतं. शहरातला कोनी, हॉटेलायले जुने भांडे पुरवनारा. सारा माल उचलतो म्हने, पन नाव नको. कोनाच्या मेलेल्या मायचं नाव पाहत लोकं जेवतीन काय, असं त्याचं म्हननं. शेखर आला हैदरकडं. "चाचा, सारे नावं उडवून द्या."

हैदरच्या अब्बाचा एक कायदा होता. नाव टाकायचं, काढायचं नाई. भांडं मोडीत जाओ, आटो, आपल्या हातानं नाव काढायचं नाई. पन कलईचं काम राह्यलं कुठी आता? सारे स्टीलवाले झाले. महिना-महिना हाताले काम नाई. हैदर हो म्हनला. मले मागून सांगतलं तवा मी त्याले बी सोडलं नाई, वाट्टेल ते बोललो.

आता रात्र नीट ध्यानात ठेवा. तेवीस डिसेंबर, शुक्रवार. मार्गशीर्षातली अमावस. त्या गावची डीपी जळाली होती, गाव वावराच्या लाईनीवर जोडलेलं, अन् ती लाईन रात्री दहाले यायची, वावरात ओलित करनाऱ्यायसाठी. घासायची मशीन लाईनीवर चालते. म्हनून रात्रीचं काम. बाकी काई कारन नव्हतं. हैदर जुम्म्याची नमाज पढला, दुपारी जेवला, मशीन गोनीत बांधली अन् संध्याकाळच्या गाडीनं गेला.

शेखरनं रोडवर नवीन स्लॅबचं घर बांधलेलं. बाई शेवटपर्यंत गल्लीतल्या जुन्या टिनाच्या घरात होती. भांडे तिथीच. शेखरनं कुलूप उघडून देल्लं, चहा पाजला, म्हने, "मी तिकडं झोपतो चाचा, सकाळी येतो. गडवा बी ध्यानात ठेवा, लहान हाये म्हनून सोडू नका."

दहाले लाईन आली. हैदरनं मशीन लावली. एका भिंतीले सारे भांडे वळीनं मांडलेले. पहिला गुंड घेतला, बाईचा. चाक फिरलं, पितळेचा भुगा उडाला, नाव गेलं. गुंड दुसऱ्या भिंतीले उभा ठेवला. मंग कोपर. सासूचं नाव गेलं. मंग तपेलं. नवऱ्याचं गेलं. काम सोपं होतं, हात बसलेला होता. थंडी लय होती. त्यानं मफलर कानाले बांधला.

तीन भांडे झाल्यावर मशीन थांबवली, चाक थंड कराले.

मांगं वळून पाह्यलं. तिन्ही भांडे पालथे.

आपल्या बाया भांडे घासून पालथे घालतात ना, पानी निथळाले. तसे. हैदरले वाटलं, आपनच ठेवले असतीन, सवयीनं. उठला, सरळ केले. तं हाताले पानी लागलं. भांडे ओले होते. घरात पान्याचा थेंब नाई, माठ कोरडा, रांजन कोरडा… अन् भांडे ओले.

अन् वास. राखेचा. राख अन् चिंच.

आता शहाना मानूस तिथूनच उठून आला असता. हैदर बसला. म्हने, शेखरले काय सांगू, भांडे ओले होते म्हनून पळालो? त्यानं घंगाळ उचललं. शेखरचं. मशीन लावली. अर्धं नाव गेलं असंन… अन् लाईन गेली.

मशीनचं चाक थोडा येळ फिरत राह्यलं. मंग थांबलं.

अंधार. अमावसेचा. हात दिसत नाई असा.

मोबाईल कोटाच्या खिशात, कोट खुटीले. हैदर उठनार, तेवढ्यात आवाज आला.

टिक.

टिक, टिक.

ज्या भिंतीले न घासलेले भांडे होते तिकडून. नख. ठिपक्यायवरून. एक नाव झालं की थांबे. मंग दुसरं भांडं. टिक, टिक, टिक. थांबे. हैदरनं ते ठिपके सोताच्या हातानं टाकलेले, कोन्या नावाले किती ते त्याले अंधारात बी समजत होतं. अनुपमाचं नाव वाचून झालं. मंग दुसऱ्या भिंतीकडं…

सर्र.

नख घसरलं. ठिपका नाई.

थांबलं.

पुन्हा. सर्र.

वरून. खालून. सर्र… सर्र… गुंडावर. कोपरावर. तपेल्यावर. पुन्हा गुंडावर. भरभर. मंग आनखी भरभर. जसं कोनी घरात लेकरू हाक मारूनबी ओ देत नाई म्हनून शोधते ना, तसं. हैदर म्हने, "मास्तर, मले भेव नाई वाटलं आधी. मले लाज वाटली. मी म्हटलं, या अल्ला, ही बाई आपलं घर शोधून राह्यली, अन् म्या पुसलं ते."

मंग…

दनकन् गुंड भिंतीवर आपटला. भरल्या गुंडासारखा आवाज, रिकाम्याचा नाई. मातीचे ढेकळं हैदरच्या डोक्यावर पडले. मंग तपेलं. मंग कोपर. राग हो. नुसता राग. ती बाई गाडीत कोनाले कधी मोठ्यानं बोलली नाई. खिडकीची जागा बी मांगितली नाई कधी. कुठी ठेवला होता तिनं एवढा राग…

मंग सारं चूप.

हैदरले सोताचा श्वास ऐकू येत होता. अन् जवळच… आनखी एक.

मनगटावर हात आला.

थंडा. ओला. राखेचा.

हैदरच्या मुठीत घंगाळाचा कान होता. त्या हातानं मूठ सोडवली. एक-एक बोट. घंगाळ काढून घेतलं. तळहातावर काईतरी लहान ठेवलं. अन् बोटं मिटली. एक… एक… करून. आईनं लेकराच्या मुठीत खाऊ देऊन मूठ मिटावी तशी.

मंग त्याच मुठीतल्या पितळेवर नख फिरलं. हळू. लय हळू.

टिक… टिक… टिक…

सारं नाव वाचून दाखवलं त्याले.

अन् छातीवर धक्का देल्ला. दोन हातायनं. दाराकडं.

पहाटे पाचले माहं दार वाजलं. हैदर. पायात चप्पल नाई, अंगात कोट नाई, मशीन तिथीच सोडलेली. सडकेसडकेनं पायी अन् मंग दुधाच्या गाडीनं आलता. मूठ मिटलेली. चहा देल्ला तं डाव्या हातानं प्याला. सूर्य वर आला तवा त्यानं मूठ उघडली. आत गडवा होता. तळहातावर ठिपके उमटले होते.

आमी दोघं पहिल्या गाडीनं देऊळगाव राजाले गेलो. अनुपमानं दार उघडलं. हैदरनं गडवा तिच्या हाती देल्ला. तिनं डोळे मिटले अन् नख फिरवलं, तिच्या मायसारखंच. मंग रडली बे ती. हुंदके देऊन रडली, अन् रडता रडता म्हने, "मास्तर, तो म्हनते कोन काजल! ही काजल! ही हाये ना!" माह्यानं तिथी बसवलं नाई. बाहेर येऊन उभा राह्यलो.

तो गडवा अजून हाये तिच्या देव्हाऱ्यात. तुमाले दाखवतो कधी.

तुमाले वाटंन, झालं, शेखरले अक्कल आली. कुठची! सकाळी तो जुन्या घरात गेला. भांडे पडलेले, भिंतीले खड्डे. त्याले वाटलं, चाचा दारू पिऊन धिंगाना घालून गेला अन् गडवा चोरला. हैदरले! ज्या मानसानं जिंदगीत थेंब घेतला नाई त्याले! गावभर बोंबलला. अन् मंग उरलेलं काम त्यानं सोताच केलं. मशीन चालवता येत नाई, म्हनून पॉलिश पेपर आनला. बसला पायरीवर. बहिनीचं नाव घासलं. अंगठ्यानं कागद दाबून, घासून घासून. घंगाळावरचं अर्धं राह्यलेलं सोताचं नाव बी घासलं. माल गेला. आज कोन्या हॉटेलात टांगला असंन, लोकं त्याच्याखाली बसून फोटो काढत असतीन.

त्याच्या पुढचं मी सोताच्या डोळ्यानं पाह्यलेलं सांगतो, हैदरचं नाई.

गुढीपाडव्याच्या आधी शेखर गावात रेशनच्या दुकानात गेला. मशीनवर अंगठा ठेवला. नाई घेतला. दुसरा ठेवला. नाई. तिथून मेहकरले आला, आधारवाल्या पोराकडं. त्यानं दहाही बोटं ठेवून पाह्यले. तो पोरगा म्हने, भाऊ, काम करू करू झिजले असतीन, शेतकऱ्यायचं होते असं. काम करू करू! शेखर! ज्यानं कधी इळा हाती धरला नाई, मजुरायच्या डोक्यावर उभं राह्याले बी छत्री लागे त्याले!

मी बसस्टँडवर बसलो होतो. मले पाहून आला. पार उतरला होता. दोन्ही हात माह्यासमोर धरले. "मास्तर, पाहा ना हे काय झालं."

मी चष्मा लावला. उन्हात पाह्यलं.

दहाही बोटं साफ. एक रेघ नाई. घासलेल्या पितळेवानी गुळगुळीत, उन्हात चमकून राह्यले होते.

म्हने, "मशीन म्हनते या मानसाची नोंदच जुळत नाई. मी शेखर हाये, हे मी कोनाले कसं सांगू?"

डिंपल, तू म्हनशीन मोठेबाबानं त्याले धीर देल्ला असंन. नाई देल्ला. ती पंगत आठवली मले. ती खाली ठेवलेली बादली आठवली. मी म्हटलं, "कोन शेखर? कोनत्या कागदावर हाये तू?"

म्हटलं, अन् बरं वाटलं मले. खोटं काऊन बोलू.

तो हात तसेच धरून उभा राह्यला. मंग गाडीत बसला. आजपर्यंत त्याचा अंगठा कोन्या मशीननं घेतला नाई म्हनतात. डॉक्टर झाले, मलम झाले, बोटाले रेघ आली नाई.

एवढंच. काऊन झालं ते मले इचारू नका, मले ठाऊक नाई. मले एवढंच ठाऊक हाये की माह्या मायनं याच परातीत मले आंघोळ घातली, तुह्या बापाले घातली, अन् आज दुपारी माह्याच ओट्यावर बसून तिचं नाव घासलं गेलं, अन् मी आत झोपलो होतो.

जाऊ द्या. उठा आता. लाईन काई येत नाई, दव पडून राह्यलं.

दार लागलेलं दिसते. तुह्या मायनं आतून कडी लावली वाटते, आपन झोपलो असं समजून. कुलदीप, फोन लाव तिले.

लाव ना बे. काय पाहून राह्यला?

फोन उघडत नाई म्हंजे?

हात ओला असंन. पूस. सदऱ्याले पूस अन् लाव पुन्हा अंगठा.

…

पुन्हा लाव.

…

दुसरा लाव, कुलदीप.